नेत्रनिधीची शिल्लक

घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांच्या संघटनेत खजिनदारांना फार मान होता, कारण त्यांच्या कारकिर्दीत नेत्रनिधीतून छदामही बाहेर गेला नव्हता. डोळे अधू झालेल्या सभासदाला शस्त्रक्रियेसाठी मदत करावी, या उदात्त हेतूने तो निधी उभारला होता. हेतू अजून कोरा करकरीत होता.

अर्ज येत. पण मदत फक्त 'कार्यरत' सभासदालाच, हा नियम खजिनदारांनी स्वतः घडवला होता. अर्जदाराने समितीसमोर एक नाजूक मनगटी घड्याळ उघडून, पुन्हा जोडून चालू करून दाखवायचं. जमलं तर डोळे ठीक, अर्ज नामंजूर. नाही जमलं तर तो कार्यरत नाही, म्हणून सभासदत्वच रद्द. मागे एक म्हातारा कारागीर पार रडकुंडीला आला, तेव्हा खजिनदारांनी त्याच्या हातात नियमांची प्रत ठेवली. बारीक टायपातली.

मग खजिनदारांनाच मोतीबिंदू झाला. दुकानात चिमट्यातून स्प्रिंग उडायची आणि बायको ती शोधत टेबलाखाली रांगायची.

"माझे गुडघे गेले आता," ती म्हणाली. "दुकान बसलं तर खायचं काय? निधी काय पूजेला ठेवलाय? करा अर्ज."

समिती बसली. अध्यक्षांनी घड्याळ पुढे सरकवलं. "नियम तुमचाच, खजिनदार. आम्ही आपले पाळतो."

खजिनदारांनी जीव एकवटून झाकण उघडलं. पहिलंच चक्र निसटलं आणि अध्यक्षांच्या चहात पडलं.

"म्हणजे खरंच दिसत नाही हो तुम्हाला," सचिव मनापासून हळहळले. "फार वाईट झालं. आता तुम्ही सभासद नाही."

"अहो, आणि मी इतकी वर्षं भरलेली वर्गणी?"

"शिलकेत आहे की. अगदी सुरक्षित."

वार्षिक सभेत शिल्लक वाढल्याचं जाहीर होताच टाळ्या पडल्या. माजी खजिनदारांचा सत्कार झाला, त्यांना मनगटी घड्याळ भेट मिळालं. किती वाजले, ते त्यांनी बायकोला विचारलं.

"अहवाल मंजूर?" अध्यक्षांनी विचारलं. सगळे हात वर गेले, काही तर बिस्किटासकट. अहवाल कोणीच वाचला नव्हता.

हसू नका. तुमच्या संस्थेच्या मागच्या सभेत तुम्हीही हात वर केला होतात. नियमांची प्रत घरात कुठेतरी पडली असेल. डोळे धड आहेत तोवर वाचून घ्या.