ढोलवाल्याचा दहावा

आमच्या गावच्या दूध संस्थेच्या दारात एक काळा फळा आहे. जनावरांची लस कधी, पेंडीची गाडी कधी, सभा किती वाजता, गावात कोण वारलं, हे सगळं त्याच्यावर असतं. असे फळे प्रवरेच्या दोन्ही काठांना गावोगाव आहेत. आमच्या फळ्यावर मात्र सगळ्यात खाली एक ओळ जास्तीची असते. मी नोकरीला लागले त्या दिवशी ती अशी होती : 'इंग्लंडातील एका गिटारवाल्याने केस पिकल्यावर ताऱ्यांचा अभ्यास पुरा करून डॉक्टर ही पदवी मिळवली. नोंद घ्यावी.' तिच्या वरची ओळ होती, 'लाळ-खुरकूत लस बुधवारी. जनावरे बांधून ठेवावीत.'

दोन्ही ओळी एकाच हाताच्या, सारख्याच ठसठशीत. तो हात रंगनाथ नानांचा. नाना संस्थेचे सेक्रेटरी. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, बोटांना खडूची पूड, आणि चेहरा असा की समोरच्याला वाटावं, आपलंच काहीतरी चुकलंय. नानांना हसताना पाहिलेलं माणूस गावात असेल तर त्यानं मागच्या उन्हाळ्यापर्यंत तरी तोंड उघडलेलं नव्हतं.

मी संस्थेत दुधाचा फॅट काढते. म्हणजे फॅट मशीन काढतं, मी बटण दाबते आणि फॅट कमी लागला की लोकांची बोलणी खाते. पहिल्याच दिवशी मी नानांना विचारलं, "नाना, ही गिटारवाल्याची ओळ चुकून राहिलीय का? पुसू?"

"ताई," नाना म्हणाले, "लस चार दिवसांनी पुसायची. गिटारवाल्याला तुमी हात लावायचा न्हाई."

नंतर कळलं की नानांना जुन्या इंग्रजी रॉकवाल्यांचं वेड आहे. लांब केसांची, लांबच लांब गाणी वाजवणारी ती मंडळी. त्यांची गाणी नव्हे, त्यांची माहिती. कोणी काय खाल्लं, कोण कशात शिकला, कोणाचं कोणाशी का बिनसलं. पूर्वी नाना संगमनेरला रद्दीच्या दुकानात इंग्रजी मासिकं शोधत बसायचे, आता मोबाईल आहे. रोज एक माहिती. सुट्टी नाही. दिवाळीतसुद्धा 'दीपावलीच्या शुभेच्छा'च्या खाली एक होतीच : 'आपल्या वाट्याला वाजवायला फार काही नाही म्हणून एका पेटीवाल्याने भर कार्यक्रमात स्टेजवर रस्सा मागवून जेवण केले. नोंद घ्यावी.'

नावं मात्र नाना कोणाचीच घेत नाहीत. तारेवाला, रस्सावाला, मासेवाला. मासेवाला म्हणजे जो बासरी वाजवायचा आणि पुढं त्यानं माशांचा धंदा टाकला तो. मी एकदा म्हटलं, नाव लिहा की, लोकांना शोधता तरी येईल. नाना म्हणाले, "तुमच्या घरी दूधवाला येतो, त्याचं नाव घेता का? नाव घेतलं की मानूस लांबचा होतो."

आणि खरंच, ती माणसं गावाला लांबची राहिली नव्हती. कॅन घेऊन रांगेत उभा असलेला माणूस समोर जे दिसेल ते वाचतो. मासेवाल्यावर आमच्याकडं दोन दिवस चर्चा चालली होती. तळं स्वतःचं की ठेक्यानं, हा मुद्दा होता. रस्सावाल्याबद्दल फक्त एवढंच विचारलं गेलं की रस्सा कशाचा. नानांनी तीन दिवस शोधाशोध केली आणि शेवटी फळ्यावर लिहिलं, 'रस्सा कशाचा, याची खात्रीशीर माहिती मिळाली नाही. दिलगीर आहोत.' मला या माणसाचा राग यायचा, पण त्या ओळीनंतर कमी झाला. गावात एवढं प्रामाणिकपणे 'माहीत नाही' म्हणणारं दुसरं कोणी मी पाहिलेलं नाही.

आता बाळूभाऊंचं सांगते, कारण त्यांच्याशिवाय नाना पुरे होत नाहीत. बाळूभाऊ म्हणजे नानांचे सख्खे धाकटे भाऊ. रोज सकाळी साडेसहाला दूध घालायला येतात. काउंटरच्या अलीकडं ते, पलीकडं नाना, मध्ये मी आणि मशीन. अंतर तीन हात.

"ताई, त्यांना सांगा, पेंडीची दोन पोती पायजेत."

"ताई, त्यांना सांगा, पोती परवा येतील."

मी काहीच सांगत नाही. दोघांनाही ऐकू गेलेलं असतं. सतरा वर्षं हे असं चाललं, माझ्या आधी या खुर्चीवर जी होती तिच्यामार्फत चालायचं. बाळूभाऊ पावती घेतात, जाताना फळ्यासमोर थांबतात, खालची ओळ वाचतात आणि स्टँड काढून मोटारसायकल ढकलत निघतात. ते दिसेनासे झाले की नाना रजिस्टरमधून मान वर न करता मला विचारतात, "वाचलं का त्यानं?"

"वाचलं."

"काय म्हनला?"

"काही नाही."

"बरं." आणि मान पुन्हा खाली. हे रोजचं होतं. एखाद्या दिवशी मी चिडलेली असले की म्हणायचे, "नाना, तुम्हीच बोला की आधी. थोरले आहात." नाना म्हणायचे, "थोरला हाय म्हनूनच तर." त्याचा अर्थ मला आजवर लागला नाही, त्यांना लागला असावा. पण त्यांना आयुष्यात दुसरं काही नको होतं, हे फॅट काढणाऱ्या बाईलाही कळत होतं. नानी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. बाळूनं एकदा समोर येऊन बोलावं, एवढंच.

भांडण वाटणीचं. जमिनीचं नव्हे, जमीन सरळ वाटली गेली, विहिरीच्या पाळ्याही ठरल्या. अडलं ते एका ट्रंकेवर. दोघं पोरसवदा असताना त्यांच्या वडलांनी नगरला, बदली झालेल्या कोणा लष्करी साहेबाच्या सामानातून एक टेप आणि ट्रंकभर इंग्रजी कॅसेटी आणल्या होत्या. त्यांच्यावर भजनं भरून घ्यायची असा त्यांचा विचार. पोरांनी पाय धरले, म्हणाले, एकदा ऐकून तरी बघू. मग गोठ्यात टेप लागला. एकेक गाणं बावीस मिनिटांचं. दोन म्हशी पिळून व्हायच्या तरी गाणं चालूच. धार काढता काढता दोघं ऐकायचे, आणि कॅसेटच्या कागदावरचं बारीक इंग्रजी बाळूभाऊ शाळेची डिक्शनरी घेऊन लावायचे. नावं उच्चारता येईनात म्हणून ढोलवाला, पेटीवाला. नाना ते पाठ करायचे. असं पंधरा-वीस वर्षं.

वडील गेल्यावर पंच बसले. नाना म्हणाले, टेप मला. बाळूभाऊ म्हणाले, मला. आवाज चढले, बायका मध्ये पडल्या, पंचांना जेवायला उशीर होत होता. त्यांनी निकाल दिला : थोरल्याला टेप, धाकट्याला कॅसेटी. निम्मं निम्मं. सगळ्या गावानं न्यायाचं कौतुक केलं. त्या दिवसापासून एकाच्या माळ्यावर टेप होता, दुसऱ्याच्या माळ्यावर कॅसेटी होत्या, आणि दोघंही बोलत नव्हते.

मी नानांना एकदा शहाणपणा शिकवायला गेले. म्हटलं, "आता मोबाईलवर सगळी गाणी फुकट आहेत. ऐकत का नाही?"

"हायेत ना," नाना म्हणाले. "पर बावीस मिन्टं एकट्यानं कसं बसायचं?"

मी बटण दाबलं.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी फळ्यावरची वरची ओळ बदलली. वर, म्हणजे गावातल्या माणसांसाठी राखलेल्या जागी नानांनी लिहिलं, 'दुःखद निधन. ढोलवाले. दशक्रिया विधी रविवारी सकाळी नऊ वाजता, घाटावर.'

मी म्हटलं, "नाना, हे इंग्लंडातले ना? त्यांचा दहावा आपण घालायचा?"

"तिकडं घालत न्हाईत," नाना म्हणाले. "मंग कोनी तरी घालाया नको?"

मला वाटलं, नाना आणि गुरुजी असे दोघंच जातील. पण आमच्या भागात फळ्यावर दहावा लागला की माणूस कोण ते विचारत नाहीत, वेळ विचारतात. दहाव्याला न जाणं म्हणजे उद्या आपल्या दहाव्याला कोणी न येणं. आमच्या घरीच हे म्हणाले, "ढोलवाले म्हंजे पलीकडच्या काठाचे. जायला पायजे, आपल्या आईच्या वेळी त्यांचं मानूस आलं हुतं." मी त्यांना खरं काय ते सांगितलं नाही. मलाही बघायचं होतं.

रविवारी घाटावर दीडशे माणूस. टोप्या, उपरणी, बायकांचा वेगळा घोळका, माईक. गुरुजींनी गोत्र विचारलं. नाना म्हणाले, ठाऊक नाही. गुरुजी म्हणाले, ठाऊक नसलं की काश्यप धरतात. अशा रीतीनं इंग्लंडातला एक ड्रम वाजवणारा काश्यप गोत्रात दाखल झाला आणि त्याचा पिंड ठेवला गेला. कावळ्याची वाट बघत श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. पंचायत समितीचे एक माजी सभापती आले होते, त्यांचा त्या सकाळचा हा तिसरा दहावा. त्यांनी सांगितलं की ढोलवाले आणि त्यांचे जुने घरोब्याचे संबंध होते, माणूस मनमिळाऊ होता, शब्दाचा पक्का होता आणि पाण्याच्या प्रश्नावर कायम पुढं होता. दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.

मग माईक नानांकडं आला. त्यांनी खिशातून घडीचा कागद काढला. समोर पार मागच्या पायरीवर बाळूभाऊ उभे होते. नाना कागदाकडं न बघता बोलू लागले. ढोलवाले कसे गरिबीतून वर आले, किती वर्षं वाजवत राहिले. लोक माना हलवत होते. मग नाना म्हणाले, "उभ्या आयुष्यात त्यांनी उजव्या हाताचा वादक म्हनून नाव कमावलं."

"डावखुरा हुता," मागून आवाज आला.

माईकमधून नुसती खरखर. दीडशे माना वळल्या.

"उजवा," नाना म्हणाले.

"डावखुरा! फोटूत समदा ढोल उलट्या हाताला मांडलेला दिसत न्हाई का तुला? आंधळा झालास का?"

'तुला.' सतरा वर्षांनी. मधे मी नाही, मशीन नाही. नानांनी माईक तोंडाजवळ ओढला.

"फोटू उलटा छापला आसंल."

"आरं, मंग बाकीच्यांच्या गिटारी बी उलट्या दिसाया पायजेत की! तुझं डोस्कं कुटं गेलं?" बाळूभाऊ पायऱ्या उतरून पुढं आले. माईक कोणी तरी काढून घेतला, तरी सगळ्या घाटाला ऐकू जात होतं. डावा का उजवा, कुठल्या कॅसेटवर कुठला फोटो, कोणी आधी पाहिला. सभापतींना वाटलं, दोन्ही बाजूंचे नातेवाईक वारशावरून भांडतायत. त्यांनी समजूत घालायचा प्रयत्न केला आणि चौथ्या दहाव्याला निघून गेले. या गडबडीत कावळा केव्हा शिवून गेला, कोणी पाहिलंच नाही. लोक पांगले, तरी दोघं भाऊ पाण्याशी बोटं नाचवत उभे होते. बऱ्याच वेळानं बाळूभाऊ "तुझ्याशी बोलून उपेग न्हाई" म्हणाले आणि गेले.

परतीला मी मुद्दाम नानांबरोबर चालले. मला वाईट वाटत होतं. या माणसाची माहिती कधी चुकत नाही, आणि चुकली तीही अशी, सगळ्या गावासमोर. म्हटलं, "नाना, मनाला लावून घेऊ नका. एखाद्या वेळी होतं."

नाना थांबले. ते हसत होते. दात दिसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ताई, डावखुरा हुता ते मला मिसरूड फुटायच्या आधीपास्नं म्हाईत हाय."

"मग?"

"सतरा वर्सं फळ्यावर समदं बरोबर लिवलं," ते म्हणाले. "बरोबर लिवलेल्याला कोन काय बोलनार?"

मला भर रस्त्यात रडू आलं. मी पदरानं तोंड पुसलं आणि ऊन फार झालंय असं काहीतरी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला बाळूभाऊ नेहमीसारखे आले. नाना आत, आपल्या टेबलाशी. मला राहवलं नाही. नानांचं गुपित फोडायचं नव्हतं, म्हणून हळूच एवढंच म्हटलं, "बाळूभाऊ, काल नाना चुकलेच म्हणायचे."

बाळूभाऊंनी कॅन वजनावर ठेवला. "त्यो न्हाई चुकत. माझ्या आधी त्यालाच दिसलं हुतं, ढोल उलटा हाय म्हनून. म्हशीखालून उठून आला हुता सांगाया."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं? मग भांडलात कशाला?"

त्यांनी टोपी सारखी केली. आतल्या टेबलाकडं बघितलं.

"आता त्यो चारचौघांत खोटं बोलाया लागला," ते म्हणाले, "तर घरच्या मानसानं गप ऱ्हायाचं व्हय?"

आणि पावती न घेताच ते काउंटरला वळसा घालून आत गेले.