करवती साडीवरच्या अक्षता

आदिलाबाद शहरात गुन्हे कमी घडतात, याचं एकमेव कारण आपण इथं राहतो हे आहे, असं शामरावांचं प्रामाणिक मत होतं. "माझी नजर ससाण्याची, नाक कुत्र्याचं आणि स्मरणशक्ती हत्तीची," असं ते स्वतःचं वर्णन करत. एवढी जनावरं एकाच देहात दाटीवाटीनं राहत असताना माणसाला जागा कुठून उरते, असा प्रश्न नागोरावांना पडे. पण ते विचारत नसत. तहसील कचेरीत शामराव रेकॉर्ड कीपर होते, तेव्हा नागोराव त्यांचे शिपाई. एकतीस वर्षं त्यांनी साहेबांच्या मागून फायली वाहिल्या. निवृत्तीनंतर साहेब खाजगी तपासनीस झाले आणि नागोरावांच्या हातात फायलींऐवजी भिंग आलं, एवढाच काय तो फरक.

आजवरचा सर्वांत मोठा तपास म्हणजे वांकिडीच्या बकरीचा. ती तिसऱ्या दिवशी आपणहून घरी आली. ती आपल्या दहशतीनं शरण आली, अशी शामरावांनी नोंद केली.

तपासनिसाला लांब कोट पाहिजेच, या निष्ठेपायी शामराव भर वैशाखातही लोकरी कोट घालत. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असे आणि कोटाच्या आत शामराव शिजत असत. "वडिलोपार्जित आहे," ते सांगत. कोटाच्या कॉलरीतून मागं एक दोरा लोंबायचा. तो ओढावा असं नागोरावांना पाच महिने वाटत होतं, पण साहेबांच्या मानेला हात लावायची कचेरीत पद्धत नव्हती.

अशा त्या १९९४ च्या वैशाखात चारुशीलेनं त्यांना बोलावलं.

चारुशीला ही जयवंताबाईंची सून. पुण्याला शिकलेली. घराच्या पुढच्या खोलीत तिनं जुन्या हातमागाच्या कपड्यांचं दुकान काढलं आणि त्याला 'पुनर्जन्म' असं नाव दिलं. पहिल्या आठवड्यात दोन माणसं जन्मपत्रिका घेऊन आली. भीमपूर, नार्नूरच्या घराघरांतून ती जुनी लुगडी आणायची आणि बदल्यात कोरी स्टीलची पातेली द्यायची. जे लुगडं तिकडं पोतेरं व्हायचं, ते इथं काचेच्या कपाटात लटकायचं आणि शहरातल्या बायका त्याच्यापुढं 'अगंबाई' म्हणायच्या. अगंबाई पुष्कळ झालं, विक्री मात्र शून्य. मृगाच्या आत एक तरी साडी खपली नाही तर खोली बियाण्याच्या दुकानासाठी माणिकरावांना द्यायची, असं जयवंताबाईंनी बजावलं होतं. माणिकराव येऊन टेपनं भिंती मोजूनही गेले होते.

"काका, माझी सगळी आशा या एका साडीवर आहे," चारुशीला म्हणाली. टसरची, करवती काठाची, सत्तर वर्षांची साडी तिनं टेबलावर पसरली. "रविवारी हैदराबादहून एक बाई ही घ्यायला येणार आहेत. आणि ही बघा, दर सोमवारी आणखी जुनी झालेली असते!"

"जुनी वस्तू जुनी होणं हा कुठल्याच कलमाखाली गुन्हा नाही," शामराव म्हणाले.

"पण हे जुनेपण मी विकत आणलेलं नाही. हा हळदीचा डाग मागच्या आठवड्यात नव्हता. घडीत अक्षता निघाल्या. हे तेल कसलं?"

शामरावांनी तेलाचा डाग हुंगला. "वडा," ते म्हणाले. कुत्र्याचं नाक एवढ्यापुरतं बरोबर होतं.

कोपऱ्यात दुकानातल्या कामाच्या बयनाबाई इस्त्री करत होत्या. त्या म्हणाल्या, "सायेब, मी सांगू काय?"

"तहकीकात चालू असताना ढवळाढवळ नको," शामराव गरजले आणि येरझाऱ्या घालू लागले. "अक्षता! म्हणजे विवाह. पण गुपचूप विवाह. लिहा नागोराव, शहरात कुणीतरी दर आठवड्याला पळून जाऊन लग्न करतंय."

"दर आठवड्याले तेच माणूस, साहेब?"

शामरावांनी क्षणभर विचार केला आणि तो सिद्धान्त खोडला. "हळद! म्हणजे भानामती. साडीवर मंत्र घालून दुकान बुडवायचा डाव. संशयित माणिकराव."

"मंग वडा काऊन?"

"नैवेद्य."

"सायेब," बयनाबाई पुन्हा म्हणाल्या, "म्या म्हणतो, एकदा ऐकून तं घ्या."

"बाई, तुम्ही इस्त्रीकडं लक्ष द्या. कापड जळेल."

शनिवारी दुपारी सापळा लावायचं ठरलं. चारुशीला एरवी शुक्रवारी लुगडी आणायला गावोगाव जाई ती सोमवारी येई; या वेळी रविवारच्या बाईंसाठी ती दुपारपुरतीच भीमपूरला गेली. शामराव कपडे घालून बघायच्या पडद्यामागं दडले आणि नागोराव भिंग घेऊन स्टुलावर बसले. अर्ध्या तासानं पडद्यातून आज्ञा आली, "नागोराव, गोळी सोडा आणा. बर्फ जास्त."

नागोराव निघाले. कोपऱ्यावर त्यांना समोरून शामरावांच्या सौभाग्यवती येताना दिसल्या, हातात रिकामी पिशवी. नागोरावांनी नमस्कार केला. विमलबाई म्हणाल्या, "साहेबांना म्हणावं, पुतणीचा साखरपुडा आहे, चारला या. त्या कोटात येऊ नका म्हणावं."

सोडा घेऊन नागोराव परतले, तेव्हा पडद्यामागून संथ, भरदार घोरणं ऐकू येत होतं. आणि कपाट रिकामं होतं.

चारुशीला आली आणि कपाट पाहून खाली बसली. रडली नाही, पण तिच्या मांडीवरचं गाठोडं सुटून लुगडी जमिनीवर घरंगळली, ती तिनं उचलली नाहीत. "संपलं," ती म्हणाली. "सोमवारी माणिकराव पोती आणून टाकतील." दारात जयवंताबाई येऊन उभ्या राहिल्या. नागोरावांना फार वाईट वाटलं. एकतीस वर्षांत कचेरीतून त्यांच्या हातून एक कागद हरवला नव्हता आणि आज पहाऱ्यातून साडी गेली होती.

शामराव मात्र ताजेतवाने होते. "आंतरराज्य टोळी! मुद्देमाल एव्हाना पैनगंगा ओलांडून महाराष्ट्रात पोचला असणार. नागोराव, आपल्याला..."

"तुमच्याच घरी हाय साडी," बयनाबाई म्हणाल्या.

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"विमलबाईनं नेली, घरी दाखवाले. मी म्हटलं सायेब पडद्यामांगं हायेत. त्या म्हणाल्या, घोरणं ऐकू येऊन राह्यलं, निजू दे, उठवू नको."

"दाखवायला म्हणजे?" चारुशीलेनं विचारलं.

"आता घ्या! आदिलाबादात कोणतं कापडाचं दुकान असं हाय, जिथून बाई चार साड्या घरी दाखवाले नेत नाई? पसंत पडली तं ठेवते, नाई तं परत आणते. तुमी गावोगाव फिरता, बाया मले मागतात, मी देतो. शुक्रवारी नेतात, लगन झालं का सोमवारी आणून देतात."

"आणि मला सांगितलं नाही?"

"हे काय सांगाची गोष्ट हाय? दुकान म्हटलं का आलंच. अन् या सायबाले सांगाले गेलो तं हे म्हणे इस्त्री करा." बयनाबाईंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "पह्यले रुख्मिणीबाईनं नेली भाच्याच्या लगनात. मंग आशाबाईनं, वडा तिचाच. मंग रेणुकाबाई. हळद..." त्या थांबल्या आणि दाराकडं बघू लागल्या. "हळद तुमच्या सासूबाईंची."

जयवंताबाईंनी पदर सारखा केला. "माझं नीट पाहून झालं नव्हतं म्हणून नेली," त्या कुणालाच ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

चारुशीला उठली. तिचा चेहरा आता वेगळाच दिसत होता. "म्हणजे चार महिन्यांत ही साडी सगळ्या गावानं नेसली आणि एकीनंही विकत घेतली नाही. बरं. आता विकायचीच नाही. उद्यापासून दाखवायला न्यायचे पैसे पडतील. दिवसाचे वीस रुपये. हैदराबादच्या बाईंनाही तोच भाव. आई, खोली माणिकरावांना द्यायची का?"

"मी कधी म्हटलं?" जयवंताबाई म्हणाल्या. "आणि शुक्रवारी माझा नंबर लिही. सोयरीक आहे."

शामरावांनी घसा साफ केला. "माझा पहिल्यापासून हाच अंदाज होता. लिहा नागोराव, सर्व आरोपी सापडले."

"सारे नाई, सायेब," बयनाबाई म्हणाल्या. "तो कोट पौषात नेला होता तुमी, घरी दाखवाले. पाच महिने झाले. बाईंचं पाहून झालं असन तं..."

नागोराव पुढं झाले. पाच महिन्यांचा मोह अखेर त्यांना आवरला नाही. त्यांनी साहेबांच्या मानेमागचा दोरा ओढला. त्याच्या टोकाला पुठ्ठ्याचा चौकोन निघाला. त्यावर चारुशीलेच्या अक्षरात लिहिलं होतं: 'नग चौदा. जुना लोकरी कोट.'

शामरावांनी कोट उतरवला. आत घामानं चिंब बनियन होतं आणि त्यातले शामराव एकदम लहान दिसले. नागोरावांना ते बघवेना. त्यांनी कोट घेतला, झटकला, बयनाबाईंकडं दिला आणि आपल्या खांद्यावरचा पंचा साहेबांना दिला.

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. पंचा पांघरून दहा पावलं गेल्यावर शामराव थांबले. त्यांनी डोळे मिटून छाती भरून श्वास घेतला.

"नागोराव," ते म्हणाले, "काय गार वारा सुटलाय हो आज!"

वारा कुठंच नव्हता. नागोराव म्हणाले, "हो साहेब," आणि सवयीनं दोन पावलं मागून चालू लागले.