कैलासवासी डब्यांचं प्रकरण

रंगनाथ खांबेटे यांच्या मते अख्ख्या महाराष्ट्रात खरी निरीक्षणशक्ती लाभलेली माणसं दोनच. दुसऱ्याचं नाव त्यांना कधी आठवलं नाही.

"मी नुसती चप्पल बघून माणसाचा धंदा सांगतो, पोपटराव. टाच झिजली असेल तर वकील. अंगठा झिजला असेल तर मास्तर."

"आन् दोन्ही झिजलं असलं तर?"

"तर चप्पल जुनी."

टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात रंगनाथरावांनी उभं आयुष्य काढलं होतं. 'तक्रार नोंदवली आहे' हे वाक्य जिभेवर इतकं बसलं होतं, की हिराकाकूंनी घरातलं तेल संपल्याचं सांगितलं तरी तोंडातून तेच बाहेर पडायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी गुप्तहेर व्हायचं ठरवलं आणि कार्डं छापून घेतली. पुढे ठळक अक्षरात 'रंगनाथ खांबेटे, खासगी अन्वेषक, संपूर्ण गुप्तता', खाली फोन नंबर, मागची बाजू कोरी. मग गुप्ततेची खात्री पटावी म्हणून सोसायटीतल्या प्रत्येक पत्रपेटीत एकेक टाकलं. तरी गठ्ठे उरलेच. जास्त छापली की स्वस्त पडतात, हे पुण्यात जन्मलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

त्यांचे सहायक पोपट काळभोर. लोणी काळभोरचा गडी, आयुष्यभर बस चालवली, आणि मुलानं फ्लॅट घेतला म्हणून कोथरूडला येऊन पडला. एकदा लिफ्टमध्ये पोपटरावांनी शेजारधर्म म्हणून "काय म्हणताय?" असं विचारलं. रंगनाथराव जे सांगू लागले ते अजून संपलेलं नव्हतं. रंगनाथरावांना स्कूटर येत नव्हती आणि पोपटरावांना 'नाही' म्हणता येत नव्हतं. सगळी तपाससंस्था एवढ्या दोन खांबांवर उभी होती.

पोपटरावांना दुःख एकच, नावाचं. कुठल्याही प्रकरणाचा निकाल लागला की सोसायटीतलं कुणीतरी गॅलरीतून विचारायचंच, "काय मग, पोपट झाला का?" आणि दर वेळी उत्तर 'हो' असायचं.

तर त्या गुरुवारी ललिताताई गायकवाड आल्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या बाई. 'जास्तीचं पान' ही संस्था त्यांचीच. काम साधं होतं. ज्याच्या घरी स्वयंपाक होतो त्यानं रोज एक पान जास्तीचं रांधायचं. स्वयंसेवकांनी ते डब्यात भरून एकट्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना, ऑपरेशन झालेल्यांना, हातपाय मोडून पडलेल्यांना पोचवायचं. आता डबे आणायचे कुठून? पुणेकराकडे देणगी मागितली की तो आधी गेल्या वर्षीचा हिशोब मागतो. ललिताताईंनी मग शक्कल काढली. डबा द्या, वर तुमच्या वडिलांचं नाव कोरून देतो! झालं. स्टीलच्या डब्यांची रास लागली. प्रत्येकावर 'कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ'.

"रंगनाथराव," ललिताताई खुर्चीत टेकत म्हणाल्या, "आमचे कैलासवासी कमी होत चाललेत."

"अशक्य. तो आकडा वाढताच असतो."

"अहो, डबे! भरलेले जातात, परत येतच नाहीत. काल एका देणगीदाराचा फोन. म्हणे, वडील एकदा गेले ते आम्ही सोसलं, पुन्हा कसे गेले?"

पोपटरावांना हसू आलं, पण ललिताताईंचा चेहरा बघून त्यांनी ते खोकल्यात घातलं.

"रविवारी बैठक आहे," ताई म्हणाल्या. "डबे मिळाले नाहीत तर सोमवारपासून पानं बंद. नवे डबे कुणी द्यायला तयार नाही, आणि प्लास्टिकमध्ये गरम आमटी मी कुणालाही पाठवणार नाही. मग काय ओंजळीतून नेऊ? ती मुक्ताई सकाळपासून दार उघडं टाकून बसलेली असते, डब्याची वाट बघत. तिला मी काय सांगू, तुम्हीच सांगा."

"तक्रार नोंदवली आहे," रंगनाथराव म्हणाले.

तपासाला ताबडतोब सुरुवात झाली. पहिला सिद्धांत आंतरराज्य पोलाद-तस्करीचा होता. रंगनाथराव काळा चष्मा लावून भंगारवाल्याकडे गेले आणि डोळा मारून म्हणाले, "माल आहे का? कैलासवासी?"

भंगारवाल्यानं वजनकाट्यावरून मान वर केली. "स्मशान पलीकडं हाय, काका."

"स्टीलचे डबे. नाव कोरलेले."

"मेलेल्या माणसाचं नाव असलेलं भांडं कोण घेतंय? माझी बायको मला दारात उभं करायची न्हाई. रद्दी असली तर बोला."

दुसरा सिद्धांत हिंजवडीचा. शुभंकर नावाचा नागपूरकडचा मुलगा तिथल्या आयटी कंपनीत होता. सकाळी कामावर जाण्याआधी तो कोथरूडात डबे पोचवायचा आणि आदल्या दिवशीचे गोळा करायचा. त्याच्या पाठीवर एक भलीमोठी सॅक असे. रंगनाथरावांच्या दृष्टीनं एवढी सॅक निर्दोष माणूस बाळगत नाही.

शुक्रवारी पोपटरावांच्या स्कूटरवरून त्याचा पाठलाग झाला. हिंजवडीच्या रस्त्यावर पाठलाग म्हणजे मागे उभं राहणं. बराच वेळ उभं राहिल्यावर शुभंकर वळून म्हणाला, "काका, तुम्ही मला फॉलो करताय का?"

"मुळीच नाही," रंगनाथराव म्हणाले.

"मग पुढे व्हा ना. मी साइड देतो."

पुढे व्हायला जागा नव्हती, म्हणून रंगनाथरावांनी तिथल्या तिथेच सॅकची झडती मागितली. आत लॅपटॉप होता आणि आईनं पाठवलेल्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या. त्यातली एक रंगनाथरावांनी पुरावा म्हणून खाल्ली.

"काका, सिरियसली? मी झोप मोडून लोकांचे डबे वाटतो, आणि तुम्ही मला चोर समजता?" पोरगा ओरडला नाही, त्यामुळे पोपटरावांना ते जास्त लागलं. संध्याकाळपर्यंत शुभंकर संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडला. त्याच्यापाठोपाठ त्याचे मित्रही.

ललिताताईंचा फोन आला. "तुम्हाला डबे शोधायला सांगितले होते. माणसं हरवायला नव्हतं सांगितलं." आणि फोन बंद.

पोपटराव म्हणाले, "साहेब, आता जाऊ द्या. उगाच पाप लागंल."

"आता तर सूत्र हातात येतंय, पोपटराव. डबे शेवटचे कुणाच्या घरात दिसले? खाणाऱ्यांच्या! चला, मुक्ताई."

मुक्ताई तळमजल्यावर एकटी राहणारी, गुडघ्यांनी धरलेली म्हातारी. खांबेट्यांनी तिच्या चपला उलट्यापालट्या करून पाहिल्या. नव्या कोऱ्या होत्या, कारण ती बाहेरच पडत नव्हती. त्यावरून त्यांनी तिचा पूर्वेतिहास संशयास्पद ठरवला.

"आजी, घरात रिकामा डबा आहे का?"

"रिकामा डबा?" म्हातारी जिभेला चटका बसल्यासारखी दचकली. "नाही हो. माझ्या घरात रिकामा नाही."

"नक्की?"

मुक्ताईनं बसल्या बसल्या काठीनं स्वयंपाकघराचा पडदा ओढून घेतला. "गुडघा जरा वळायला लागला की मी बघते ना. तोवर म्हातारीची लाज काढू नका."

बाहेर आल्यावर रंगनाथरावांनी टाळी वाजवली. "लाज! ऐकलंत? कबुलीजबाब!"

पुढच्या घरी आजोबांनी तेच उत्तर दिलं. रिकामा? नाही हो. त्याच्या पुढच्या घरीही तेच. रिकामा नाही हो. रंगनाथरावांचा चेहरा उजळत चालला. "शब्दन् शब्द एक! साक्षीदार पढवलेले आहेत. पोपटराव, ही टोळी आहे. ज्येष्ठ नागरिकांची. दिवसा वात, रात्री वाटमारी!"

"साहेब, त्यास्नी जिना उतरवत न्हाई."

"तेच तर त्यांचं कवच!"

रविवारी सकाळी, बैठकीला जाण्याआधी, ललिताताई शेवटची आशा म्हणून खांबेट्यांकडे आल्या. रंगनाथराव भिंतीशी उभे राहून टोळीची रचना समजावून देऊ लागले. मुक्ताई सूत्रधार, गुडघेदुखी हा सांकेतिक शब्द. ललिताताई घड्याळाकडे बघत होत्या. पोपटरावांना ते बघवेना, म्हणून ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले.

आणि तिथूनच हाक आली, "साहेब! कैलासवासी सापडले!"

"कुठे?"

"तुमच्या फडताळात."

वरच्या फळीवर, साखरेच्या बरणीशेजारी, लखलखीत घासलेला डबा. 'कै. सोनबा यांच्या स्मरणार्थ, जास्तीचं पान'. हिराकाकू ओट्याशी उभ्या होत्या. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट दाबत होत्या. प्लास्टर नुकतंच निघालं होतं.

"हिरा," रंगनाथरावांचा आवाज चिरकला, "तूसुद्धा टोळीत?"

"कसली टोळी? अहो, माझा हात मोडला होता तेव्हा डबा यायचा ना."

"कुणाला?"

"आपल्याला. तुम्हीच जेवत होतात की त्यातलं, रोज."

रंगनाथराव खुर्ची चाचपडत बसले. "मला वाटलं, तू डाव्या हातानं करतेस."

"डाव्या हातानं पुरणपोळ्या? आणि तुम्ही एकदा म्हणालातसुद्धा, हल्ली तुझी आमटी सुधारली आहे म्हणून. ते मी विसरलेली नाही."

चपलेवरून धंदा सांगणारा माणूस महिनाभर कुणाच्या घरचं जेवतोय हे त्याला कळलं नव्हतं. पोपटरावांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

ललिताताई पुढे झाल्या. "पण वहिनी, मग डबा परत का नाही दिलात?"

"रिकामा कसा देणार?" हिराकाकूंना प्रश्नच कळला नाही. "हात बरा झाला की दोन लाडू वळून, त्यात घालून देणार होते. तुमची ती मुलं येतात, गोड आहेत बिचारी, पण दारात उभं राहून विचारतात काय, तर रिकामा डबा आहे का! मी म्हणते, नाही. खोटं कशाला बोलू? अन्नाचा डबा रिकामा परत पाठवायला मी काय अशी तशी आहे?"

मग ललिताताईंनी कपाळावर हात मारला. चांगला सणसणीत.

"माझ्या आईनं शेजारणीची वाटी कधी रिकामी परत दिली नाही. काही नसलं तर साखरेचे चार दाणे घालायची. आणि मुलांना मीच शिकवलं, दारात गेलात की रिकामा डबा मागा. मीच!"

"म्हंजी," पोपटराव हळूच म्हणाले, "कुणी चोरलंच न्हाई. समदे हातपाय चालायची वाट बघत्यात."

"हा सिद्धांत," रंगनाथराव म्हणाले, "माझ्या मनात होताच."

"अहो, गप्प बसा," हिराकाकू म्हणाल्या.

बैठक राहिली बाजूला. सगळे थेट मुक्ताईकडे गेले. ललिताताईंनी डब्याचा विषयच काढला नाही. पिशवीतून लसणाच्या गड्ड्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. "आजी, आमच्या स्वयंपाक करणाऱ्या बायकांना लसूण सोलायला वेळ होत नाही. तुमची मदत होईल का?"

मुक्ताईनं ताईंकडे नीट पाहिलं, लसणाकडे पाहिलं, आणि काठीनं पडदा बाजूला सारला. आत ओळीनं डबे. घासून लखलखीत. प्रत्येकात चिमूटभर साखर. मुंग्यांना या प्रकरणाचा छडा केव्हाच लागला होता.

"साखर घातली होती गं," म्हातारी म्हणाली. "पण एवढं पोटभर जेवण यायचं, त्याच्या बदल्यात चिमूटभर साखर कशी द्यायची? देववेना. लसूण असेल तर देते."

सोमवारी पानं बंद झाली नाहीत. डबे मात्र परत येऊ लागले, आणि असे आले की ठेवायला जागा पुरेना. कुणी मेथी निवडून घातली, कुणी कुंडीतला कढीपत्ता, कुणी शेंगा फोडून दाणे. एका आजोबांनी नुसतं एक लिंबू घातलं, पण ते पुसून. ज्यांना संस्था जेवू घालत होती तेच आता अर्ध्या स्वयंपाकाची तयारी करून देत होते. शुभंकरही परतला. त्यासाठी पोपटराव स्वतः हिंजवडीला गेले आणि त्यांनी हात जोडले. रंगनाथरावांनी माफी मागण्याऐवजी एका कार्डाच्या मागे लेखी निकाल दिला होता, 'सॅक निर्दोष आहे.' मुलगा तो वाचून इतका हसला की रागवायचं राहूनच गेलं.

राहता राहिला खांबेट्यांचा स्वतःचा डबा. हिराकाकू म्हणाल्या, "लाडवांना माझा हात अजून वळत नाही. या वेळी तुम्ही घाला काहीतरी. तुमचं तुमचं."

रंगनाथरावांनी दिवसभर विचार केला, आणि स्वतःकडे जे भरपूर होतं ते घातलं. डबा गच्च भरून कार्डं.

दुसऱ्या दिवशी ललिताताईंची पावती आली. 'मिळाली, आभारी आहोत. वस्तू : रद्दी, एका बाजूने कोरी.'

सोसायटीच्या गॅलरीतून आवाज आलाच, "काय मग, पोपट झाला का?" पोपटरावांनी आयुष्यात पहिल्यांदा छाती काढून वर बघितलं. "माझा न्हाई," ते म्हणाले.

पण ललिताताई कुठलीच गोष्ट वाया घालवणाऱ्या नव्हत्या. जाणाऱ्या प्रत्येक डब्यात त्यांनी एकेक कार्ड टाकलं आणि मुलांबरोबर निरोप धाडला, 'जेवणाबद्दल काही सांगायचं असेल तर मागे लिहा.' आता म्हाताऱ्या डोळ्यांना लिहायचा कंटाळा. पुढच्या बाजूला मात्र ठळक नंबर छापलेला.

खांबेट्यांचा फोन वाजला. खासगी अन्वेषक झाल्यापासून कार्ड वाचून आलेला पहिलाच.

"कालच्या आमटीत मीठ नव्हतं हो," पलीकडून मुक्ताई म्हणाली.

रंगनाथरावांची पाठ ताठ झाली. निवृत्तीपासून गेलेला आवाज परत आला, खणखणीत, सरकारी.

"तक्रार नोंदवली आहे."

"कुणाचा फोन?" आतून हिराकाकूंनी विचारलं.

"केस आहे," ते म्हणाले. "मिठाची. प्रकार गंभीर दिसतो."

पोपटरावांनी मुकाट्यानं स्कूटरची किल्ली उचलली.