उन्हाचे वाटप

जी वस्तू फुकट आणि मुबलक असते, ती रीतसर वाटल्याशिवाय जनतेपर्यंत पोहोचत नाही. ऊनच घ्या. परभणीकडे ते इतके पडते, की मे महिन्यात कुत्री उभ्या मोटारसायकलीच्या सावलीवरून भांडतात. तरीही पिंगळीजवळच्या आमच्या गावातली लेकरे ‘ड’ जीवनसत्त्वाला मोताद निघाली. (अभ्यासांती कळलेले कारण: उन्हात लेकरू काळे पडते, आणि मग काजळाची तीट दिसत नाही.)

बायनाबाईंचा नातू महारुद्र दोन वर्षांचा होऊन गेला, तरी पाऊल टाकीना. डॉक्टरांनी औषध दिले आणि रोज सकाळचे कोवळे ऊन सांगितले. औषध सुरू झाले. ऊन मेडिकलवर मिळत नसल्याने घरात कुणी मनावर घेतले नाही.

अखेर गावात ऊन वाटप समिती निघाली. अध्यक्ष दत्तराव. (पात्रता: स्वतःचा मंडप.) कार्यक्रम सकाळी आठचा ठरला. लेकरांना ऊन लागू नये म्हणून दुहेरी कापडाचा मंडप, थंड सरबत आणि दोन कूलर अशी चोख व्यवस्था होती. दोन्ही कूलर प्रमुख पाहुण्यांच्या बाजूला. पाहुणे मात्र अजून रस्त्यात.

साडेआठच्या सुमारास महारुद्र रांगत मंडपाबाहेर गेला आणि बांबू धरून चक्क उभा राहिला. कोवळे ऊन थेट अंगावर. बायनाबाईंचे डोळे भरले. तेवढ्यात कार्यकर्त्यांनी धावत जाऊन त्याला उचलून आत आणले.

“ऱ्हाऊ द्या की दत्तराव, ऊन घ्यायलाच आलाय त्यो.”

“माय, अजून उद्घाटन झालं न्हाई.”

पाहुणे दुपारी एक वाजता पोहोचले. फीत कापली, शालीने सत्कार झाला. कापडाच्या भोकातून आलेली एकुलती एक तिरीप त्यांच्या टकलावर पडली. टाळ्या झाल्या. उद्दिष्ट शंभर टक्के साध्य.

दुसऱ्या दिवसापासून बायनाबाई कुणाला न विचारता नातवाला सकाळी अंगणात सोडू लागल्या. दिवाळीपर्यंत तो कोंबड्यांमागे पळू लागला. समितीने ते ऊन अनधिकृत ठरवले आणि ते पळणे हिशेबात धरले नाही.

आपण हसलात, ठीकच. हसताना आपण पंख्याखाली होता आणि आपले लेकरू पडदे ओढलेल्या खोलीत मोबाइल बघत होते. दत्तरावांना फोन करायची गरज नाही. मंडप आपण आधीच घातलेला आहे.