चकलांब्यातले चाहते

मी फराज. नाव लक्षात ठेवा! मराठी रॉक संगीत जेव्हा केव्हा जगभर गाजेल, तेव्हा त्याची सुरुवात बीडमधल्या एका गॅरेजच्या मागच्या खोलीत झाली, हे तुम्हाला चारचौघांत सांगता आलं पाहिजे.

आमच्या बँडचं नाव 'चौदाचा पाना'. गॅरेज अब्बांचं, त्यामुळे नाव शोधायला लांब जावं लागलं नाही. गिटार मी, गायक मी, कवी मी आणि ड्रमवर हरिओम. हरिओमचा हात म्हणजे ब्रेक नसलेली गाडी! कुठं ठेका सापडला की थांबणं नाही. एकदा अब्बा हातोडीनं मडगार्ड सरळ करत होते, तर हा शेजारी बसून ऑइलच्या डब्यावर साथ देत होता.

आमचं पहिलं सिंगल 'निघ!'. प्रेमभंगाचं गाणं. प्रेम अजून झालेलं नव्हतं, पण रॉकमध्ये खरं महत्त्व भंगाला! सुरुवातीला गिटारचं हळुवार टिंग टिंग, मग ड्रमचा दणका आणि मग बेंबीच्या देठापासून काढलेली माझी आरोळी:

निघ! निघ! निघ माझ्या रानातून!
काळजाचं हिरवं रान चरलीस तू,
आता निघ!

ऐकून हरिओमनं काड्या खाली ठेवल्या. मग म्हणाला, "लई खोल हाय बे!"

अब्बा बाहेरून ओरडले, "कुणाचा सायलेन्सर फुटला रे?"

"अब्बा, गाणं आहे!"

"मग तुझं काय फुटलंय?"

(आमच्या घरात दखनी चालते. तुमच्या सोयीसाठी मी मराठीत सांगतोय. शिव्या मात्र मूळ भाषेतच ठेवीन, त्यांचं भाषांतर होत नाही.)

अब्बांना ती खोली टायर ठेवायला हवी होती. एक दिवस त्यांनी सरळ अटच घातली. "घरचे सोडून एक माणूस दाखव, ज्याला हे गाणं आवडतं. मोबाइलमधला नको, हाडामांसाचा पाहिजे. नाहीतर येत्या जुम्म्याला तिथं टायर येणार!"

एक माणूस! इतक्या मोठ्या जिल्ह्यात! मी हसलो. मग यूट्यूब उघडलं आणि हसू गेलं. महिनाभरात गाणं अकरा वेळा ऐकलं गेलं होतं. त्यात नऊ वेळा मी आणि दोनदा हरिओम.

आणि मग चमत्कार झाला! मंगळवारी बघतो तर आकडा हजारावर! खाली चक्क कॉमेंट! सुंदरराव, चकलांबा: "जबरदस्त आवाज. रोज दिवस मावळला की लावतो, सकाळी बंद करतो. पहिल्याच दिवशी गुण आला." त्याखाली कुणी परमेश्वर: "आमच्याकडंबी फरक हाय. आवाज अजून वाढवा."

"गुण आला!" मी हरिओमला गदागदा हलवलं. "अरे, आपलं गाणं ऐकून लोकांचे प्रेमभंग बरे व्हायलेत!"

"इतक्या जणांचे? एकट्या चकलांब्यात?"

"दुःख काय गाव बघून येतं का बे?"

सुंदररावांचा नंबर मिळवून फोन लावला. "या की, या! तुमचे लई उपकार हायेत आमच्यावर. वाजवायचं सामानबी आणा!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उपकार! असं कुठल्या गायकाला त्याच्या पहिल्याच सिंगलला ऐकायला मिळतं?

गुरुवारी गॅरेजच्या पिकअपमध्ये आम्ही निघालो. अब्बा गाडी चालवत होते. गेवराई मागे पडेपर्यंत टायर कुठं रचायचे, तेच सांगत होते. मी मात्र मनातल्या मनात चकलांब्याच्या पोरांच्या शर्टांवर सह्या करत होतो.

सुंदरराव निघाले साठीचे! धोतर, टोपी, पांढऱ्या मिशा. म्हटलं, या वयात प्रेमभंग! माणसानं किती सोसावं! त्यांनी मला कडकडून मिठी मारली. अब्बांनी खात्री करून घेतली, "भाऊ, खरं सांगा. याचं गाणं तुम्हाला आवडतं?"

"आवडतं? अवो, जीव वाचला आमचा!"

अब्बांनी माझ्याकडे जन्मात पहिल्यांदा आदरानं बघितलं. मी छाती इतकी फुगवली की गिटारचा पट्टा काचायला लागला. खोली वाचली!

तेवढ्यात सुंदररावांच्या मंडळी जानकीबाई चहा घेऊन आल्या. माझ्याकडे बघून हळहळल्या. "लेकरा, तुझं किती एकर गेलं रं?"

"काय किती एकर, मावशी?"

"रान रं! हिरवं रान चरली म्हणतूस न्हवं? हरभरा व्हता का तूर?"

मी कप खाली ठेवला. सुंदरराव म्हणाले, "चला, वावरात दाखवतो." वावरात घाट्यांनी लगडलेला हरभरा, मधोमध बांबू आणि बांबूच्या टोकाला काळा भोंगा!

"ह्यो बघा तुमचा गळा!" सुंदरराव कौतुकानं म्हणाले. "रोह्यांनी वैताग आणला व्हता बघा."

रोही म्हणजे नीलगाय. घोड्याएवढं जनावर. कळप शिरला की वावर साफ! सुंदररावांनी फटाके वाजवून बघितले, बुजगावणं उभं केलं. रोही त्या बुजगावण्याला अंग घासून जायचे. "मंग म्या यूट्यूबचा माइक दाबून जोरात म्हणलो, निघ! निघ! तर तुमीच निघालाव! तवापस्नं आख्ख्या गावात तुमीच हाव!"

मी कसंबसं विचारलं, "तुम्ही स्वतः कधी ऐकलंय का?"

"म्या? येकदा ऐकलं की, तपासाया. आता लावतो अन् गावात जाऊन झोपतो. पर मी काय म्हंतो, तुमी सुरवातीला ते टिंग टिंग कावून करताव? तेवढ्यात रोही आर्धी सरी खातंय! डायरेक बोंबलायला घ्यायचं. अन् मधीच येकदम गप व्हताव, तवा म्या समजलो बॅटरी उतरली. रोह्यालाबी तसंच वाटतंय. ते वापस येतंय!"

तो गपपणा बसवायला मी आठवडा घातला होता!

हरिओम हरभऱ्याचे घाटे मोजल्यासारखा खाली बघत होता. अब्बा शांतपणे म्हणाले, "मी माणूस दाखव म्हणालो होतो. जनावर नाही. उद्या टायर."

"अब्बा, एक संधी!"

आणि संधी स्वतःच्या पायांनी आली! दिवस मावळतीला टेकला होता. नाल्याकडून रोह्यांचा कळप सरळ हरभऱ्यात शिरला. सुंदररावांनी धावत जाऊन बटण दाबलं. भोंगा खरखरला आणि मेला. बॅटरी खरोखरच उतरली होती.

"आता वो!" जानकीबाईंनी कपाळावर हात मारला. "सोन्यासारखा हरभरा खात्यात की!"

"आगं, खुद्द गाणारे आलेत न्हवं?" सुंदररावांनी मोबाइल काढून माझ्यावर रोखला. "हाना, फराजभाई! निस्तं आभाळ फाडा!"

अब्बा म्हणाले, "पळवून दाखव. पळाले तर खोली तुझी."

खोली माझी! मी बांधावर चढलो, पाय फाकवले, केस उडवले, डोळे मिटले आणि जीव तोडून गायलो! वीज नाही, अँप नाही. माझी इलेक्ट्रिक गिटार डास गुणगुणावा तशी वाजत होती. हरिओमनं फवारणीचा रिकामा ड्रम पालथा घातला होता. रोह्यांनी माना वर केल्या, आम्हाला पाहिलं आणि पुन्हा खाली घातल्या. डोळे मिटलेले असल्यामुळे मला वाटलं, शांतता पसरली, म्हणजे पळाले. मी आनंदानं दुसरं कडवं सुरू केलं. एक रोही नीट ऐकू यावं म्हणून की काय, जवळ येऊन चरू लागला म्हणे.

आणि अब्बांचा बांध फुटला.

"अबे निकम्मे! आँखें खोल!"

धडाम! हरिओमची काडी आपोआप पडली.

"दुसऱ्याचं रान जातंय अन् हा केस उडवतोय! दोनदा बारावीत नापास!"

धडाम! धडाम!

"शेखसाहेबांच्या गाडीत ऑइल टाकायचं विसरला! इंजिन जाम केलं! बहिणीच्या लग्नात नवरदेवाच्या गाडीची हवा सोडली!"

"ती चुकून, अब्बा..."

"चूप! निकल! निकल! निकल यहाँ से!"

धडाम धडाम धडाम!

काय तो आवाज! काय ती फेक! आख्खा कळप शेपट्या वर करून जो सुटला, तो नाला ओलांडून गायब! पलीकडच्या वावरातले बगळेसुद्धा उडाले. जानकीबाई पदर तोंडाला लावून उभ्या. सुंदरराव तर आनंदानं नाचायला लागले. "हेच पायजे! टिंग टिंग न्हाई, काय न्हाई! डायरेक! गाणं ह्यांचंच लावनार म्या! समदं मोबाइलात घेतलंय बगा!"

अब्बा दम खात उभे होते. मग टोपी नीट करत हळूच विचारलं, "खरंच बरा आहे आवाज?"

तर मंडळी, खोली वाचली! टायर अंगणात पडलेत. 'चौदाचा पाना'चं दुसरं सिंगल 'निकल' सध्या गेवराईपासून आष्टीपर्यंत वावरावावरांत वाजतंय. गायक ख्वाजाभाई, म्हणजे आमचे अब्बा. अब्बा सकाळी ज्येष्ठमध चघळतात आणि रियाजाला माझं नाव घेऊन माझ्यावर नवीन कडवी रचतात. मी मागे गिटार वाजवतो, तीही हळू, कारण शब्द नीट ऐकू आले पाहिजेत म्हणे.

पण प्रसिद्धी ती प्रसिद्धीच! परवा गेवराईच्या स्टँडवर एक अनोळखी माणूस माझ्याकडे एकटक बघत होता. गिटार पाहिली, जवळ आला. "तुमीच फराज ना?"

माझा पहिला चाहता! हाडामांसाचा! मी खिशातला पेन काढत म्हणालो, "हो, मीच!"

त्यानं माझ्या खांद्यावर मायेनं हात ठेवला.

"औंदा तरी बसलाव का बारावीला?"