तिसऱ्या आग्रहाचा ओटा

आमच्या वसाहतीत परसात ओटा बांधायचा असेल, तर तो हिवाळ्यातच बांधावा लागतो. नियमामागे विचार आहे. मे ते ऑक्टोबर माणसं परसात बसून उन्हाचा आनंद घेतात, त्यांच्या कानावर बांधकामाचा आवाज पडू नये. नोव्हेंबरात जमीन अशी गोठते की कुदळ मारली तर पोचा कुदळीलाच येतो, आणि माणसं खिडक्या लावून घरात बसतात. म्हणजे ज्या काळात बांधकाम करता येत नाही, त्या काळात ते कुणालाही त्रास न देता करता येतं. वसाहत सौंदर्य समितीनं हा नियम एकमतानं मंजूर केला होता. अमेरिकेच्या उत्तरेतल्या आमच्या मिनेसोटात सगळं एकमतानंच मंजूर होतं, कारण इथं कुणी कुणाला 'नाही' म्हणत नाही.

मला ओटा हवा होता तो इंगासाठी. इंगा माझी मुलगी, वर्षाची व्हायला आलेली, सोफ्याला धरून उभी राहायला लागलेली. वसंतात ती चालणार, आणि वसंतात आमच्या परसात चिखल असतो. मागच्या वर्षी त्यात माझ्या नवऱ्याचा, ट्रिगचा, एक बूट गेला तो अजून परतलेला नाही. मी मानसशास्त्राची पदवीधर आहे, त्यामुळे काळजी कशी करावी याचं माझं रीतसर शिक्षण झालेलं आहे. लेकीचं बाहेरचं पहिलं पाऊल कोरड्या, सपाट, न घसरणाऱ्या जागेवर पडावं, एवढीच माझी इच्छा होती.

गावातल्या गवंड्यांना विचारलं. एकानं कॉफीचा कप खाली ठेवत म्हटलं, "करता येईल म्हणा." दुसरा म्हणाला, "लोकांनी याहून वाईट गोष्टी केल्यात." आमच्या भाषेत दोन्हींचा अर्थ एकच: बाई, डोकं ठिकाणावर आहे का? शेवटी क्लेटन नावाचा गवंडी भेटला. तो दक्षिणेकडच्या टेक्सासहून नुकताच इकडे राहायला आला होता.

"जानेवारीत? हो, बांधू की!" तो म्हणाला.

इतका उघडावाघडा 'हो' मी परक्या पुरुषाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. मला कसंनुसंच झालं.

समितीच्या सभेत अध्यक्षांनी, ओस्टबीकाकांनी, ओट्याचा नकाशा जवळ धरला, लांब धरला. "हं," ते म्हणाले. "वेगळं आहे."

'वेगळं' ही आमच्याकडची शेवटची शिवी. याआधी ती माझ्या मावससासूच्या दुसऱ्या नवऱ्याला दिली गेली होती आणि तो गाव सोडून गेला. पण 'नाही' कुणीच म्हटलं नव्हतं, त्यामुळे ओटा मंजूर झाला.

क्लेटननं आधी जमीन वितळवायला घेतली. परसभर गरम पाण्याच्या नळ्या अंथरल्या, वर जाड गोधड्या घातल्या. बाहेर उणे पंचवीस, आणि आमच्या परसातून इडलीपात्रासारखी वाफ निघत होती. आधी हरणं येऊन बसली. मग शेजारी आले, घडीच्या खुर्च्या घेऊन. "आम्ही काय, सहज," म्हणाले आणि बूट काढून पाय गोधडीवर टेकवले. ओस्टबीकाका पाहणीला म्हणून आले आणि दुपारपर्यंत पाहणी करत राहिले. त्यांना जरा डुलकीही लागली.

उबेचा व्हायचा तो परिणाम झाला. गोधड्यांच्या कडेनं हिरवंगार गवत उगवलं आणि समितीची नोटीस आली: गवत मर्यादेपेक्षा वाढलं आहे, तातडीनं कापावं. मग भर जानेवारीत, भुवयांवर बर्फ घेऊन, ट्रिगनं गवत कापायचं यंत्र चालवलं. येणारेजाणारे गाड्या हळू करून बघत होते.

"बरं चाललंय ना, ट्रिग?" एकानं काच खाली करून विचारलं.

"वाईट नाही," ट्रिग म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

काँक्रीट ओतायच्या सकाळी क्लेटन दाराशी आला. "बाईसाहेब, जमिनीचा कल घराकडे आहे. मी उतार बाहेरच्या बाजूला काढून देऊ का? थोडं काम वाढेल, पण पाणी दाराशी साचणार नाही."

मला उतार हवा होता. जीव तोडून हवा होता. म्हणून मी रीतीप्रमाणे म्हणाले, "छे छे, नको. तुम्हाला कशाला उगाच त्रास!"

"बरं," क्लेटन म्हणाला आणि वळला.

मी दारातच उभी राहिले. आमच्याकडे पहिल्यांदा विचारलं की 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की 'अहो, खरंच नको'. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, इतकं म्हणताय तर थोडंसं'. हे तान्ह्या पोरालाही कळतं. क्लेटन मात्र थेट मिक्सरकडे गेला.

"विचारेल गं ब्रिटा, परत," माझ्या सासूबाई आर्डिस म्हणाल्या. "माणूस आहे, दगड नाही."

त्यांनी भोपळ्याच्या वड्यांचं ताट बाहेर नेलं. "घेणार का एखादी?"

"हो, घेतो की!" म्हणत क्लेटननं दोन उचलल्या.

सासूबाई आत आल्या त्या भिंतीला धरून. "पहिल्याच वेळेला घेतली," त्या कुजबुजल्या. "दोन."

तेव्हा मला परिस्थितीचं गांभीर्य कळलं. मी ट्रिगला बाहेर पिटाळलं. खिडकीतून पाहत होते: दोघंही खिशात हात घालून जमिनीकडे बघत बराच वेळ बोलत होते.

"सांगितलंस?" तो आत आल्याबरोबर मी विचारलं.

"अगदी स्पष्ट. म्हटलं, उतार म्हणजे... उतारच शेवटी."

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, खरंय. मग आम्ही त्याच्या ट्रकच्या टायरांविषयी बोललो. चांगला माणूस आहे."

मी स्वतः गेले. मिक्सर घरघरत होता. "क्लेटन, पाणी कुठंतरी जातच असेल, नाही का?" आमच्या गावात याहून कडक शब्दांत कुणी कुणाला झापलेलं नाही.

"जातंच, बाईसाहेब!" क्लेटन हसून म्हणाला आणि फळी ओढून काँक्रीट गुळगुळीत करू लागला. घराकडे उतार असलेलं, आरशासारखं.

काँक्रीट पक्कं झाल्यावर गोधड्या निघाल्या. उबदार ओट्यावर पडलेला बर्फ वितळला, पाणी आज्ञाधारकपणे दाराशी येऊन थांबलं, आणि ओटा गार झाला तसं तिथंच गोठलं. रोज थोडं, थरावर थर. मागचं दार उघडेना. इंगा काचेला नाक लावून बाहेर बघायची आणि मी इंगाकडे बघायची.

समिती अंतिम पाहणीला आली ती पुढच्या दारानं, घराला वळसा घालून. ओस्टबीकाकांनी काठीनं बर्फ ठोकला. "नियमानुसार ओटा कोरडा असतो," ते म्हणाले. "हा कोरडा नाही, म्हणजे ओटा नाही. पाणी साचतं ते तळं. पण तळ्याला कुंपण लागतं. गोठलेलं आहे, म्हणजे..." त्यांनी काठी खाली ठेवली. "ब्रिटा, अगं, ही रिंक आहे!"

आमच्याकडे देवळात गप्पा मारलेल्या चालतात, पण मुलांच्या बर्फावरच्या हॉकीच्या मैदानावर, म्हणजे रिंकवर, आवाज चढवलेला चालत नाही. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत वसाहतीतली सगळी पोरं काठ्या घेऊन हजर झाली. समितीनं जागच्या जागी ठराव केला: ही रिंक वसाहतीची सामाईक सुविधा आहे, सामाईक सुविधेचा ऱ्हास होऊ देता येत नाही, आणि वितळणं हा ऱ्हासच आहे. सबब ती बारा महिने गोठलेली ठेवावी. नळ्या ओट्याखाली आहेतच, गरमऐवजी बर्फगार मिठाचं पाणी सोडावं.

"घरमालकिणीची हरकत विचारायला हवी," ओस्टबीकाका म्हणाले. मला धीर आला. काका आमच्यातले. ते तीनदा विचारणार.

"ब्रिटा, तुझी काही हरकत?"

"छे, माझी कसली हरकत!" मी म्हणाले. पहिली वेळ.

"बघ हं. घर तुझं आहे. लहान मूल आहे. हरकत असेल तर सांग."

"अहो नाही काका, खरंच." दुसरी वेळ. मी इंगाला कडेवर घट्ट धरलं. सासूबाई माझ्याकडे बघून मान हलवत होत्या: आता, आता. काकांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं.

"साहेब, किती छळाल!" क्लेटन मध्ये पडला. त्यानं टोपी काढून छातीशी धरली होती. "बाईसाहेब दोनदा नाही म्हणाल्या. आमच्याकडे बाईचा शब्द म्हणजे शब्द. तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे तिचा अपमान."

काकांनी तोंड मिटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वाजवल्या नसत्या तर बरं दिसलं नसतं.

आता जुलै आहे. गाव अर्ध्या चड्डीत फिरतं आणि आमच्या परसात येताना स्वेटर घालतं. मी सगळ्यांना गरम कोको देते. इंगा चालायला लागली, बर्फावरच. ती पाऊल उचलत नाही, पुढे सरकवते. घरातल्या गालिच्यावरही सरकवते. डॉक्टरांनी तिची चाल बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "वाईट नाही." मी घरी येऊन दोन दिवस रडले. क्लेटन दर महिन्याला नळ्या तपासायला येतो आणि जाताना प्रेमानं एकदाच विचारतो, "बाईसाहेब, बंद करून टाकू का हे सगळं?" मी एकदाच 'नको' म्हणते, आणि तो जातो.

तुम्ही म्हणाल, यात काय अवघड आहे, आम्ही असतो तर तोंडावर सांगितलं असतं. सांगितलंच असतं तुम्ही. मग परवा ते पाहुणे एकदाचे जायला उठले, तेव्हा जांभई गिळून 'इतक्यात? बसा की हो!' असं म्हणणारं तुमच्या घरात कोण होतं?