कुत्र्यांनी नापास केलेली जाहिरात

माझ्या लेखनावर आजवर पुष्कळांनी नाकं मुरडली आहेत. साडीवाल्यांनी मुरडली, क्लासवाल्यांनी मुरडली, फैजपूरच्या एका वेफर्सवाल्यांनी तर माझ्याच कागदाची पुडी करून माझ्यासमोर केळीचे वेफर्स खाल्ले. पण माझा मजकूर कुत्र्याला वाचून दाखवून नापास करणारा माणूस मला एकच भेटला. भास्करनाना.

धुळ्यात देवपुरात माझं फ्लेक्स आणि पत्रकं छापायचं दुकान आहे. छपाई मशीन करतं, मजकूर मी करते. नाना पहिल्यांदा आले ते एक पांढरी पामेरियन काखेत घेऊन. उंच, काटक माणूस, शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावलेली. कुत्रीला खुर्चीवर बसवून स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, गाडीवर काहीतरी लिखनं शे. पन अक्काले पसंत पडाले पाहिजे."

अक्का कोण, असं मी विचारणार होते, तेवढ्यात त्यांनी खुर्चीकडे नमस्कारासारखा हात केला.

नाना तीस वर्षं पिंपळनेरला जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. बैलांच्या जखमा धुतल्या, शेळ्यांच्या पायांना पट्ट्या बांधल्या. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी शाळेची व्हॅन घेतली, आत पाण्याची टाकी, गॅसचा गीझर, टब आणि केस वाळवायचं मशीन बसवलं, आणि दारोदार जाऊन कुत्र्यांना अंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची असा धंदा काढला. दोन महिन्यांत तीन कुत्री न्हाली होती. त्यातली एक ही अक्का, शेजाऱ्यांची. आणि एक तर चुकून गाडीत शिरलेला.

मुलगा प्रशांत पुण्याला नोकरीत. त्याने मुदत घातली होती. दिवाळीपर्यंत धंदा लागला तर ठीक, नाहीतर गाडी विकायची आणि नानांनी पुण्याला यायचं. "सातव्या मजलावर मी काय करू, ताई? खाले देखस तं मानसे मुंग्यांसारखी. कोनशी बोलू?" एवढं सांगून ते अक्काची पाठ चोळायला लागले.

मी जोरात कामाला लागले. ‘आपल्या लाडक्या सवंगड्यासाठी राजेशाही स्नान, आता आपल्या दारी!’ नानांनी हे अक्काला सावकाश वाचून दाखवलं. ‘राजेशाही’ला अक्काने कान मागे टाकले. "नई जमनं," नाना म्हणाले. ‘केस चमकदार, चाल दमदार’ला ती खुर्चीवरून उतरली. ‘पेट स्पा ऑन व्हील्स’ लिहिलं तेव्हा ती झोपली होती, म्हणून नानांनी स्वतःच नापास केलं. "हाई कुत्रानी भाषा नई शे. आपन कोनले हात लावनार, आगुदर त्याले तं समजाले पाहिजे." मी म्हटलं, नाना, वाचणारी माणसं आहेत. ते म्हणाले, "आन न्हानारं कोन?"

सलग चार दिवस मी एका पामेरियनपुढे परीक्षा देत होते, आणि घरी जाऊन कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

मग मीच सुचवलं, लिहिणं राहू द्या, भोंगा लावू. आमच्याकडे सभांच्या रिक्षेवर पुकारा करणारे एक दांडग्या आवाजाचे गृहस्थ येतात. त्यांच्याकडून रेकॉर्ड करून घेतलं, आधी छान संगीताचा तुकडा घातला, आणि सकाळी आठला गाडीबरोबर मीही कॉलनीत गेले. संगीत ऐकताच दारं पटापट उघडली. मी हरखले. पाहते तर प्रत्येक बाईच्या हातात ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादल्या! सगळ्यांना ती घंटागाडी वाटली होती. नानांनी दोघींना हात जोडून परत पाठवलं. तिसऱ्या फार म्हाताऱ्या होत्या, त्यांची बादली मात्र घेतली. "इतक्या लांब उनी बिचारी," म्हणाले. पुकारेवाल्यांच्या आवाजाने गल्लीतली सगळी कुत्री तोवर गच्चीवर जाऊन भुंकत होती.

दसरा झाला. नानांनी अक्काला आणणं बंद केलं. एकटेच येऊन बसायचे, चहा प्यायचे आणि जायचे. मला वाईट वाटायला लागलं, आणि खरं सांगायचं तर शरमही.

आता माझ्या शेरूचं सांगते. तो रस्त्यावरचा. लहान असताना कुणीतरी त्याच्या पाठीवर उकळतं पाणी फेकलं होतं, तेव्हा मी त्याला उचलून आणला. जखम भरली, भीती राहिली. नळ सुरू झाला की हा पलंगाखाली. आता म्हातारा झाला तरी अंघोळ नाही, कातडीला खरूज धरलेली, घरात वास. दोन डॉक्टरांनी सांगितलं, भूल देऊनच धुवावा लागेल. त्याचं वय पाहून मी धजत नव्हते. हे मी नानांना सहज बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना रिकामी बादली घेऊन घरी आले आणि पलंगाजवळ फरशीवर बसले. तीन दुपारी नुसते बसले आणि बोलत राहिले. चौथ्या दिवशी शेरू बाहेर आला. मी दाराआड उभी होते. नानांचं चाललं होतं, "आबा, आते पानी टाकस हां. कोमट शे, मी हात घालीसन देखं. भ्याऊ नका. पहिले पाय, मंग पाठ. नको वाटनं तं सांगा, मी थांबसू." शेरू थरथरत होता, पण पळाला नाही. पाठीवर पाणी पडलं तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. मी रडले. त्या माणसाचे उपकार मी या जन्मी तरी फेडू शकणार नाही, हे मला तिथेच कळलं.

रडता रडता माझ्यातली जाहिरातवाली जागी होती, हेही कबूल करते. मी फोनवर सगळं रेकॉर्ड केलं होतं.

"हाऊ मना आवाज शे?" नाना संकोचले. "लोके हासतीन." मी म्हटलं, अक्काला ऐकवू. ऐकवलं. अक्का उठली, गाडीपर्यंत गेली आणि पायरीवर चढून बसली. नानांनी गुंडी सारखी केली आणि म्हणाले, "पास."

दुसऱ्या दिवसापासून भोंग्यावर संगीत नाही, घोषणा नाही. फक्त नाना, हळू आवाजात, कुणा आबाला पाणी कोमट असल्याचं सांगताहेत. लोक आधी थबकले, मग हसले, मग कुत्री घेऊन बाहेर आले. एक बाई तर म्हणाल्या, कुत्रं नाहीये हो आमच्याकडे, पण परत एकदा लावा ना.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात प्रशांत आला, आणि थेट माझ्या दुकानात. नानांनी फोनवर नेहमीसारखं ‘हां, बरं’ एवढंच सांगितलेलं, त्यामुळे धंदा लागल्याचा त्याला पत्ताच नव्हता. त्याला फ्लेक्स हवा होता. ‘गाडी विकणे आहे.’ मी काही बोलणार, तोच गल्लीच्या टोकाकडून भोंगा ऐकू आला.

प्रशांत हातातला पेन तसाच धरून ऐकत राहिला.

"आईला अर्धांगवायू झाला होता," तो म्हणाला. "वाचाही गेली होती. पाणी कढत आहे की गार, तिला सांगता यायचं नाही. तीन वर्षं नाना तिला न्हाऊ घालताना असंच बोलायचे. मी बाहेर बसून ऐकायचो. ती गेली आणि नानांचं माझ्याशी बोलणंच बंद झालं. म्हणून न्यायला आलो होतो, ताई. मला वाटलं, घरात कुणी तरी असावं."

त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "हे राहू द्या."

गाडी दुकानासमोर थांबली. "तू कव्हय उना?" नानांनी विचारलं. प्रशांत गाडीत चढून उलट्या बादलीवर बसला. नानांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि भोंगा बंद केला.

त्या दुपारी गल्लीत पाच माणसं आपापली कुत्री धरून दीड तास ताटकळली. मी बाहेर जाऊन सगळ्यांना उद्या यायला सांगितलं. गाडीत नाना बोलत होते.